उजवीकडची नथ

३ नोव्हेंबर १९३३, शुक्रवार

आज मिससाहेबांनी मला डुक्कर दिलं.

नाताळाच्या आधी बायकांची मोठी सभा भरणार आहे. विषय काय, तर बायबलातल्या शलमोन राजाच्या सूत्रांमधले दागिने. आम्हा मिशनच्या शिक्षिकांना एकेक वाटून दिला. गोजरबाईला डोक्यावरचा मुकुट मिळाला, एकीला गळ्यातली माळ, एकीला माणकांहून मोलाचं शहाणपण. आणि माझ्या वाट्याला डुकराच्या नाकातली सोन्याची नथ! अक्कल नसलेल्या देखण्या बाईला राजानं दिलेली उपमा. मिससाहेब म्हणाल्या, "सोजरबाई, तुमचे बोलणे परखड आहे, म्हणून हा कठीण विषय मी तुम्हांस दिला." गोजरबाई पदरात तोंड घालून हसली. हस बाई, हस, मुकुट मिळालाय तुला.

मग आतलं बाहेर आलं. सभेच्या शेवटी ताट फिरणार. प्रत्येक शिक्षिकेनं आपल्या घरातला सोन्याचा डाग त्यात टाकायचा. लग्नाचं डोरलं तेवढं माफ. जी टाकणार नाही तिला जानेवारीपासून वर्ग नाही. साधेपणा हाच ख्रिस्ती बाईचा दागिना, म्हणे.

माझ्या हातात काचेच्या चार बांगड्या आहेत. माझे यजमान रामहरी तापात गेले तेव्हा डोरलंही उतरलं. घरात सोनं म्हणावं असं एकच, आईच्या तपकिरीच्या जुन्या डबीतलं. ते गोजरबाईला माहीत आहे, म्हणजे मिससाहेबांनाही माहीत असणार.

नाही देत जा!

५ नोव्हेंबर, रविवार

डबी उघडून बघितली. नथ कसली, मुगाएवढा लाल खडा अडकवलेलं सोन्याचं बारीक कडं. कडं एका बाजूला वाकलेलं आहे. बाबांनी ते कधी सरळ करून घेतलं नाही.

बाबा होते तोवर ही गोष्ट तेच सांगायचे. वैरागच्या बाजूला आमचं खेडं. महारवाड्यातल्या बाईनं कथलाचं घालावं, सोनं घालू नये, असा तिथला दंडक. बाबा सोलापूरच्या गिरणीत लागले आणि पहिल्या दिवाळीला आईला ही नथ घेऊन गेले. आई नथ घालून पाण्याला निघाली. चावडीपुढं पाटलाच्या माणसानं ती ओढली, नाकपुडीसकट. ओढून मातीत फेकली. आईनं रक्ताच्या हातानं उचलली आणि घरी आली. तेव्हा मी पोटात होते. त्याच आठवड्यात बाबांनी गाव सोडलं, इथं सोलापुरात येऊन बाप्तिस्मा घेतला, शिकून मास्तर झाले.

आई यातलं अक्षर बोलत नाही. डावी नाकपुडी खालपर्यंत फाटलेली, म्हणून पदराचं टोक कायम नाकावर. जेवतानासुद्धा. मला आईचा चेहरा आठवायचा तर अर्धाच आठवतो.

तिला विचारलं, "आई, नथ ताटात टाकायची का?"

"टाक की," ती म्हणाली, "त्येनला पायजे तर टाक. मला काय करायचीय."

मला असा राग आला! इतक्या वर्षांनीही पाटलाची भीती जात नाही माणसाची. अगदी मेंढरासारखी मान खाली.

९ नोव्हेंबर

ईरम्माकडे शिकवायला गेले होते. मंगळवार पेठेतल्या शिवप्पा कापडवाल्याची ही बायको. लिंगायताचं घर, म्हणून माझी जागा बाहेरच्या कट्ट्यावर, आणि तिची उंबऱ्याच्या आत. सासू काशम्मा मधूनमधून येऊन आमच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजून जाते. पण ईरम्मा वाचायला लागली की अंतरबिंतर विसरते.

आज तिच्यासमोर सूत्रांची पुस्तिका ठेवली. आईबापाची शिकवण गळ्यात बांध, असं राजा पोराला सांगतो, ते पान निघालं. ईरम्मा अडखळत तिथवर आली आणि थांबली. पदराखालून चांदीची लिंगाची पेटी वर काढून मला दाखवली.

"हे बांधलंय की अक्का. मी बारशाची होते तवाच बांधलंय."

"तुमचं वेगळं, हे वेगळं," मी म्हटलं.

"कसं वेगळं? तुमचा राजा म्हणतोय गळ्यात बांध. आमी बांधलंय. नुसतं मनात ठिवा म्हणत न्हाई त्यो."

मी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली. येताना रस्ताभर विचार करत होते. राजानं शहाणपणाला मुकुट म्हटलं, माळ म्हटलं. दागिना वाईट असता तर पोराला शहाणपणाची गोडी लावायला त्यानं दागिन्याचंच नाव का घेतलं? मिरची दाखवून कुणी पोराला दूध पाजतं का?

आणि त्या डुकराच्या ओळीत तरी वाईट काय आहे? डुक्कर आहे. सोन्याला राजा काही बोललेला नाही.

सापडलं माझं भाषण!

१४ नोव्हेंबर

भांडण झालं. म्हणजे मी भांडले, मिससाहेब शांत होत्या. त्यांचं ते शांत बसणंच मला सोसत नाही.

मी म्हटलं, "रामहरी गेल्यावर गिरणीच्या चाळीत मी उघड्या मनगटानं गेले, तर बायकांनी दार लावलं. म्हणाल्या, ही अपशकुनी कोण आली सकाळी सकाळी. म्हणून या बांगड्या घातल्या. नाहीतर शिकवू कुणाला?"

त्या म्हणाल्या, "हीच अंधश्रद्धा आपणांस मोडावयाची आहे."

"मग आमच्या गावात कथलाची सक्ती होती ती कुणी मोडायची? ती मोडायला माझी आई सोनं घालून बाहेर पडली होती."

"सोजरबाई, मी तुमच्या आईचे दुःख जाणते. पण तो अहंकाराचा मार्ग होता. हा त्यागाचा आहे."

माझं लक्ष त्यांच्या गळपट्टीकडे गेलं. सोन्याची नाजूक पिन आहे तिथं, पानाच्या आकाराची. मी बोटानं दाखवली. तोंडानं बोलले नाही एवढी अक्कल अजून आहे. मिससाहेबांचा हात आपसूक पिनेवर गेला आणि त्या लाल झाल्या. म्हणाल्या, "ही माझ्या आईची."

"नथही माझ्या आईचीच," मी म्हटलं आणि उठून आले.

२१ नोव्हेंबर

आईला मी आज सांगितलं, "मी नाक टोचून घेणार. सभेत नथ घालून उभी राहणार आणि डुकरावर बोलणार." बोर्डिंगात वाढले, कुणी माझं नाक टोचलंच नाही.

आई भाकरी थापत होती. हात थांबला.

"तुज्या नाकाला हात लावशील तर बग," ती म्हणाली. "तुजं नाक न्हाई."

"का? मी विधवा म्हणून?"

"तुजं न्हाई म्हंते नव्हं!" आणि भाकरी अशी आपटली तव्यावर की कडेनं फाटली.

इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नाही. मी ठरवलं, टोचायचं राहू दे, नथ काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालीन. राजाही गळ्यातच बांधायला सांगतो.

रात्री जेवताना मग तिनं उगीचच ईरम्माची चौकशी केली. कशी दिसते, काय घालते.

"तिच्या नाकात काय असतंय?"

"मूगुती म्हणतात त्यांच्यात. खड्यांची आहे."

"कुटल्या अंगाला?"

मला आठवावं लागलं. "उजव्या. त्यांच्यात कितीतरी बायका उजवीकडं घालतात."

"आस्सं व्हय," आई म्हणाली आणि भाकरीवर चटणी वाढली. मी एवढी पेटलेली, आणि हिला दुसऱ्याच्या नाकाच्या चौकशा.

२ डिसेंबर

भाषण लिहिते आहे, खोडते आहे. आईला वाचून दाखवावं म्हटलं तर ती उठून बाहेर गेली. डुकराचं नाव आलं की तिला खोकला येतो, काम आठवतं, शेळी सुटल्यासारखी वाटते. लहानपणापासून बघते आहे. चर्चमध्ये ते सूत्र वाचलं जाई तेव्हाही ती पायरीवर जाऊन बसायची. बाबा म्हणायचे, तिला डुकराची शिसारी आहे.

आणि एक सल लिहूनच टाकते. अर्ध्या चाळीला मी अक्षरं शिकवली, पण घरातली आई निरक्षर. किती वेळा पाटी पुढं केली. दर वेळी एकच, "त्या पुस्तकाचं आन् माजं जमत न्हाई, बाई." रविवार चुकवत नाही, गाणी सगळी पाठ, आणि पुस्तकाला बोट लावत नाही. आळस म्हणावा तर अंगात आळस नाही. हट्ट म्हणावा तर कशाचा?

गोजरबाई मला चिडवते, दिव्याखालीच अंधार म्हणून. तिच्या जिभेला हाड नाही, पण मला लागतं.

७ डिसेंबर

ईरम्माच्या ओसरीवर आज नवलच. मी पोचले तर माझी आई कट्ट्यावर बसलेली! वाती द्यायला आले, म्हणाली. लिंगायताच्या घरी ख्रिस्ती बाईच्या वाती? काशम्मा आत तणतणत होती. ईरम्मा आणि आई मला बघून गप्प झाल्या. वाटेत विचारलं तर म्हणाली, "बरी हाय पोरगी. मोकळी हाय."

मला वाटतं, माझी समजूत घालायला ती ईरम्माला गाठते आहे. घाला म्हणावं. मी ऐकणार नाही.

१४ डिसेंबर

आईला सर्दी. नाकाला ओलं फडकं धरून भिंतीकडं तोंड करून पडली आहे. हळदीचा वास येतो. सुंठेचा काढा केला तर नको म्हणाली. सभा परवावर आली आणि हिनं आताच आजारी पडावं!

१६ डिसेंबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी काळा दोरा वळून ठेवला आणि डबी उघडली. डबी रिकामी.

आई घरात नव्हती. मला एकदम उलगडलं. सर्दी-बिर्दी सोंग होतं, हिनं नथ नेऊन मिससाहेबांना दिली. मुलीची नोकरी वाचावी म्हणून गुपचूप दिली. मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. पाटलानं एकदा घेतली, आता हिनं आपल्या हातानं दिली. मग डोळे पुसले आणि म्हटलं, गळा रिकामा तर रिकामा. जीभ आहे ना.

चर्च भरलं होतं. गिरणीच्या चाळीतल्या माझ्या बायका मागं सतरंजीवर. दारात, आत न येता, ईरम्मा उभी! तिला तिथं बघून मी चाटच पडले. तिच्या शेजारच्या बाकावर, अगदी कडेला, आई. पदर नाकावर.

मिससाहेबांनी आधी ताटात स्वतःची पिन टाकली. खण्‌ असा आवाज झाला. गळपट्टी सुटून लोंबायला लागली. खरं लिहायचं तर मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी फसवलं नाही, आधी आपलं टाकलं. पण त्यांची त्यांनी काढली, कुणी ओढली नाही. हा फरक त्यांना दिसत नाही, आणि मला दुसरं काही दिसत नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "बायांनो, मला डुक्कर मिळालंय." बायका हसल्या. मग मी सगळं बोलले. राजाला सोन्याचा राग असता तर त्यानं शहाणपणाच्या डोक्यावर मुकुट ठेवला नसता, गळ्यात माळ घातली नसती. ते सूत्र देखण्या पण बेअकली बाईबद्दल आहे. नाकात सोनं घातलेल्या प्रत्येक बाईला राजानं डुक्कर म्हटलेलं नाही. जो म्हणेल तो पुस्तकात नसलेलं वाचतो.

"परत सांग," कुणीतरी म्हणालं.

आई होती. उभी राहिली होती. सबंध चर्च वळून बघायला लागलं.

"काय परत सांगू, आई?"

"ते सूत्र माज्यावर न्हाई?"

मला काही समजेना. मी म्हटलं, "तुझ्यावर कसं असेल? हजारो वर्षांमागचा राजा तो."

मग आई बोलली. माझ्या अख्ख्या आयुष्यात ती कधी इतकं बोलली नव्हती. "चावडीम्होरं त्या मानसानं नथ वडली तवा त्यो म्हनला, डुकराच्या नाकात सोनं शोबत न्हाई. लोकं हसली. पुढच्याच ऐतवारी मालकानी मला हितं आनलं. पादरीसायबानी पुस्तक उघडलं आन् त्येच वाचलं. डुक्कर, नाक, सोनं. मला वाटलं, पाटलाच्या मानसानं ह्येच पुस्तक वाचलं आसंल. देव बी त्येचंच म्हनतोय. मग म्या म्हनलं, जे पुस्तक माज्यावरच लिवलंय ते कशाला शिकू?"

आणि आईनं पदर खाली केला.

डावी नाकपुडी फाटलेली, तशीच. उजवी सुजून लालभडक, हळद माखलेली. आणि त्यात ती नथ! वाकलेलं कडं, लाल खडा.

दारातून ईरम्मा एकदम मोठ्यानं म्हणाली, "चनबसप्पा सोनारानं टोचलंय. डोकं मी धरलं होतं!" नाक टोचलं त्या दिवशी विटाळ झाला म्हणून काशम्मानं तिला डोक्यावरून दोनदा आंघोळ घातली, हे मला नंतर कळलं. हिवाच्या दिवसांत गार पाण्यानं.

मिससाहेब जागेवरून उठल्या, आईजवळ गेल्या. गळपट्टी तशीच लोंबत होती. त्यांनी अगदी हळू विचारलं, "चिमाबाई, दुखते का?"

"दुकतंय की," आई म्हणाली. "पन ह्ये माजं मी दुकवून घ्यातलंय."

ताट फिरलं. गोजरबाईनं कुड्या टाकल्या. ताट आईच्या बाकापाशी आलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, आत नीट बघितलं, आणि पुढच्या बाईकडं दिलं.

१७ डिसेंबर

मी आईला मेंढरू म्हटलं होतं, याच वहीत. मागची पानं उलटून वाचलं. खोडणार नाही, राहू दे तिथंच.

२३ डिसेंबर

मिससाहेबांनी बोलावलं. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "तुमच्या आईचे बोल मी विसरू शकत नाही. परंतु नियम सर्वांस एकच. एकीस सूट दिली तर बाकीच्यांनी दिले ते कशासाठी?" नथ ताटात द्या, म्हणजे वर्ग तुमचाच, असंही म्हणाल्या. मऊ आवाजात.

मी म्हटलं, "ती आता काढायची तर परत ओढावी लागेल. तुमच्याच्यानं होईल का?"

त्यांनी मान खाली घातली. गळपट्टीला आता साधी टाचणी होती. मी नमस्कार केला आणि वर्गाची किल्ली टेबलावर ठेवली.

वर्ग गोजरबाईला मिळाला. संध्याकाळी ती घरी आली, आईच्या नाकाकडं बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, लई शोभतंय हो." स्वतःच्या रिकाम्या कानांना मात्र सारखी हात लावत होती.

१ जानेवारी १९३४, सोमवार

पोटाचं काय ते बघू. विड्या वळीन, चाळीत कितीजणी वळतात. ईरम्मानं निरोप धाडला, अक्का, वर्ग मिससाहेबाचा बंद झाला, तुझा न्हाई, येत जा. चाळीतल्या चौघी दुपारी आमच्याच अंगणात येऊन बसल्या. मी उघड्या मनगटाची नाही आणि माझ्या दारात म्हातारी विधवा नाकात नथ घालून बसलेली. आता अपशकुन कुणाला म्हणायचा, ते त्यांनी ठरवावं.

बायका गेल्यावर मी पाट्या गोळा करत होते. आई म्हणाली, "एक राहू दे."

मी पाटी तिच्यापुढं ठेवली. पहिलं अक्षर काढायला पेन्सिल टेकवली तर तिनं मनगट धरलं.

"ते गमभन नगं. ते पुस्तक आन. डुकराचं पान काढ."

"आई, ते अवघड जाईल. सुरुवात सोप्यापासून करतात."

"तितनंच सुरू कर," आई म्हणाली. पदर तिच्या खांद्यावर होता, नाकावर नव्हता. "एवडी वर्सं लोकांच्या तोंडून ऐकलंय. आता काय लिवलंय ते माजं मी बगते."

मी पान काढलं. तिनं बोट त्या ओळीवर ठेवलं, जोरात, आणि म्हणाली, "हं. ह्ये पयलं काय हाय?"